वाचक विचारतात : एक अक्षर बदलले, चार गळाली

प्रश्न : सिकलसेल हा रक्ताचा आजार डीएनएतल्या एकाच अक्षराच्या बदलाने होतो, असे वर्गात सांगितले. एका मुलाने विचारले, मग चार अक्षरे गळाली तर माणूस जगेल कसा?
– एक शिक्षक, किनवट

उत्तर : मुलाचा प्रश्न नेमका आहे. पेशी जनुक (प्रथिनाची कृती सांगणारा डीएनएचा तुकडा) तीन-तीन अक्षरांनी वाचते. फळ्यावर लिहा : ‘मदन गरम वरण करत’. ‘ग’चा ‘न’ केला तर वरण ‘नरम’ होते. एकच शब्द बदलतो. हे बिंदू उत्परिवर्तन. आता ‘ग’ पुसा आणि पुन्हा तीन-तीन वाचा : ‘मदन रमव रणक रत’. पुढचे सगळे बिघडले. यात बहुधा टीएए, टीएजी किंवा टीजीए ही थांब्याची खूण भलतीकडेच येते आणि प्रथिन अर्धवट राहते. अख्खे ‘गरम’ पुसले तर वाक्य आखडते, पण वाचता येते. (ते निरुपद्रवीच असते असे नाही, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा दोष तीन अक्षरांच्याच गळतीचा आहे.)

सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधल्या साखळीच्या जनुकात 6व्या जागी (6व्या तीन-अक्षरी शब्दात) जीएजीचे जीटीजी होते, ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. तिथेच जीएए झाले असते तर ग्लुटामिक आम्लच आले असते, कुणाला पत्ताही लागला नसता. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आजाराच्या एका प्रकारात याच जनुकाच्या 41-42व्या जागची चार अक्षरे गळतात आणि त्या प्रतीतून साखळी बनतच नाही. तरी माणूस जगतो, कारण दुसऱ्या पालकाकडून आलेली प्रत धड असते. दोन्ही बिघडल्या तर मात्र रक्त चढवत राहावे लागते.

मुलांना हेही सांगा : सिकलसेलसाठीच्या सोल्युबिलिटी या रक्तचाचणीत नळी गढूळ झाली, तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. वाहक (एकच प्रत बिघडलेला) की रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनेच ठरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी चाचणी फसते. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर दर बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता 4त 1.

प्रश्न : बीटी कपाशी खाऊन गुलाबी बोंडअळीत उत्परिवर्तन होते का?
– एक कापूस उत्पादक, गेवराई

उत्तर : नाही. बदल आधीच एखाद-दुसऱ्या अळीत असतो. बीटी कपाशीतले अळी मारणारे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते. त्याचे जनुक बिघडलेल्या अळीत ते नीट चिकटत नाही. बाकीच्या मेल्या की रान तिचेच. म्हणून नॉन-बीटी झाडे शेतात राहू द्या (त्यांवर बाकीच्या अळ्याही वाचतात), फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे चालवणे) घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका.