खंडणी दिली नाही म्हणून मारले गेलेले आर्चबिशप अल्फेज हुतात्मा कसे?

तुमच्या मनात आलं तेच सुमारे १०७९ मध्ये इंग्लंडमधल्या कँटरबरीचे आर्चबिशप लानफ्रांक यांच्याही मनात आलं होतं. अल्फेज हे त्याच गादीवरचे आधीचे आर्चबिशप. ‘धर्म सोड’ असं अल्फेजना कुणी म्हटलंच नव्हतं, भांडण पैशाचं होतं. मग हुतात्मा कसले?

पण ते पैसे कुणाचे, हे आधी बघा. सप्टेंबर १०११ मध्ये डेन (डेन्मार्ककडच्या व्हायकिंग) फौजेने कँटरबरी घेतली आणि साठीला टेकलेल्या अल्फेजना धरून नेलं. सात महिने ते कैदेत होते. देशाने डेन लोकांना ४८,००० पौंड मोजले असं अँग्लो-सॅक्सन बखर सांगते. अल्फेजच्या सुटकेसाठी त्यांना आणखी रक्कम हवी होती. अल्फेजनी बजावलं, माझ्यासाठी कुणी काही द्यायचं नाही. ती रक्कम अखेर चर्चच्या जमिनी कसणाऱ्या कुळांकडूनच उकळली गेली असती, आणि ती कुळं लुटीने आधीच नागवलेली होती.

१९ एप्रिल १०१२, शनिवार, लंडनजवळचं ग्रीनिच. वाइन पिऊन झिंगलेल्या सैनिकांनी त्यांना सभेत ओढत आणलं. हाडं आणि गुरांची मुंडकी फेकून मारली. शेवटी एकाने कुऱ्हाड उलटी करून डोक्यात घातली. डेन सरदार थॉर्केल ‘माझं जहाज सोडून सगळं घ्या, पण यांना मारू नका’ म्हणून विनवत होता, असं थिएटमार या त्याच काळातल्या जर्मन बिशपने लिहिलंय. त्याच वर्षी थॉर्केल इंग्लंडच्या राजाच्या चाकरीत गेला. या दोन गोष्टी मला तरी वेगळ्या वाटत नाहीत.

लानफ्रांकना उत्तर दिलं पुढे स्वतः कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या अ‍ॅन्सेल्म यांनी, आणि मला ते पूर्ण पटतं. ते म्हणाले, रयतेला पिळण्याचं लहान पाप टाळायला जो जीव देतो, तो ख्रिस्ताला नाकारण्याचं मोठं पाप करेल का? बाप्तिस्मा देणाऱ्या योहानालाही ख्रिस्ताला नाकार असं कुणी म्हटलं नव्हतं, तो सत्य बोलला म्हणूनच मेला ना? न्यायासाठी मरणं म्हणजे ख्रिस्तासाठीच मरणं. लानफ्रांकना हे इतकं पटलं की त्यांनी ऑस्बर्न या मठवासीयाकडून अल्फेजचं चरित्र लिहून घेतलं.

त्याआधी १०२३ मध्ये डेन राजा कनूटनेच अल्फेजचा देह लंडनहून सन्मानाने कँटरबरीला नेला होता. पुढे ११७० मध्ये तिथल्याच कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटवर तलवारी पडल्या, तेव्हा शेवटच्या क्षणी त्यांनी ज्या संतांचा धावा केला त्यांत अल्फेजचं नाव होतं.