वाचकांचे प्रश्न : सोपा बॉल चुकतो तेव्हा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी गेली साडेतीन वर्षे पूल, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने पॉकेटमध्ये टाकण्याचा खेळ, खेळतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी मित्रांबरोबर ‘एट बॉल’चे (आपले सात बॉल टाकून शेवटी काळा टाकायचा) गेम होतात आणि सुट्टीच्या दिवशी मी एकटाच सराव करतो. एकटा असताना बॉल बऱ्यापैकी पडतात, पण समोर कोणी असेल आणि एखादा सोपा बॉल चुकला, की माझे डोके फिरते. गेल्या महिन्यात एका सामन्यात माझा फक्त काळा बॉल उरला होता आणि तो जवळजवळ सरळ रेषेत होता. तो पॉकेटच्या कडेला लागून बाहेर आला. प्रतिस्पर्ध्याने आपले उरलेले दोन बॉल आणि मग काळा टाकून गेम जिंकला. त्यानंतरचे चारही गेम मी हरलो आणि त्यांत मी काय खेळलो, हेही मला नीट आठवत नाही. मधे एकदा मी क्यू, म्हणजे खेळायची काठी, जमिनीवर आपटला, तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. त्या शांततेची मला अजून लाज वाटते. अवघड बॉल चुकला तर मला इतके लागत नाही. सोपा चुकला की सहनच होत नाही. ‘रागावर ताबा ठेव’ असे सगळे सांगतात, पण तो ठेवायचा कसा, हे कोणी सांगत नाही. हा खेळ माझ्या स्वभावाला मानवणारा नाही, असे समजावे का?

उत्तर : तसे मुळीच समजू नका. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात : काळा बॉल चुकल्यामुळे तुमचा एक गेम गेला, पण त्यानंतरचे चार गेम गेले ते कसे गेले, हे तुम्हाला आठवत नाही. याचा अर्थ असा, की त्या एका फटक्यापेक्षा फटक्यानंतरच्या काही मिनिटांनी तुमचे अधिक नुकसान केले. ती मिनिटे तुम्ही कोठे घालवली? खुर्चीत बसून. पूल या खेळाचा हा एक कठोर विशेष आहे. टेनिस किंवा बॅडमिंटनमध्ये एक फटका चुकला तर काही क्षणांत पुढचा खेळायचा असतो, पाय हलतात, श्वास वाढतो आणि शरीराला काम मिळाल्यामुळे चिडीला वाट सापडते. पूलमध्ये मात्र चुकणाऱ्याला टेबल सोडावे लागते, आणि आपण मोकळा करून ठेवलेला डाव समोरचा एकेक बॉल टाकत संपवतो आहे, हे हातात क्यू धरून स्वस्थ बसून पाहावे लागते. अनेक वर्षे खेळून आणि शिकवून माझे असे ठाम मत झाले आहे, की पूलमधला राग टेबलावर जन्मतो, पण वाढतो तो खुर्चीत. त्यामुळे त्यावर इलाजही खुर्चीतच करायला हवा.

तो राग पुढच्या पाळीत हातात कसा उतरतो, हे आधी समजून घ्या. चिडलेला माणूस क्यूवरची पकड नकळत आवळतो. पकड आवळली की मनगट आणि कोपर मोकळेपणाने झुलत नाहीत आणि ज्या पांढऱ्या बॉलला मारून बाकीचे बॉल टाकायचे, त्याच्या मध्यावरून क्यूचे टोक किंचित सरकते. शिवाय तो फटका जोरात मारतो. हळू येणारा बॉल पॉकेटच्या कडेला थोडासा घासला तरी आत घरंगळतो, तर जोरात आलेला बॉल त्याच कडेला लागून दोन्ही बाजूंना आपटतो आणि बाहेर येतो. म्हणजे जोर वाढवल्याबरोबर तुम्ही तुमचेच पॉकेट लहान करून घेता. त्यात भर म्हणून, फटक्याचा निकाल पाहण्याच्या घाईने डोके वेळेआधी उचलले जाते. पुढचे चार गेम हरण्यासाठी याहून जास्त काही घडावे लागत नाही.

आता ‘सोपा’ या शब्दाकडे वळू, कारण तुमच्या त्राग्याचे मूळ मला तेथे दिसते. पूलच्या बॉलचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर असतो आणि स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड सुमारे ११४ मिलिमीटर रुंद असते. पॉकेटपासून एक मीटरवर असलेला बॉल सरळ टाकायचा असेल आणि पांढरा बॉल त्याच्या मागे आणखी एक मीटरवर असेल, तर हिशेब असा होतो : बॉलने आपल्या रेषेपासून दोन्हीकडे साधारण दीड अंशाहून थोडेच अधिक भरकटलेले चालते; त्यासाठी पांढरा बॉल त्याच्यावर ठरल्या जागेपासून फार तर दीड मिलिमीटर इकडेतिकडे लागायला हवा; आणि त्यासाठी पांढऱ्या बॉलच्या दिशेतील चूक सुमारे एक दशांश अंशापेक्षा जास्त असून चालत नाही. हा झाला सरळ फटका. साठ अंशांचा कट (बॉलला बाजूला लागून त्याला तिरके वळवणारा फटका) असेल तर ही मोकळीक निम्म्यावर येते. म्हणून ज्याला आपण सोपा म्हणतो, तो बॉल फक्त दिसायला सोपा असतो. कोठे मारायचे हे लगेच कळते, एवढाच त्या सोपेपणाचा अर्थ. मारणे मात्र दर वेळी तितकेच नाजूक काम असते, आणि सोप्या वाटणाऱ्या बॉलला आपण ती काळजी देत नाही. अवघड बॉल चुकल्यावर तुम्हाला वाईट वाटत नाही, कारण तेथे तुम्ही अपयशाची जागा आधीच ठेवलेली असते. सोप्या बॉलपाशी ती ठेवलेली नसते.

ही जागा ठेवायची म्हणजे मन मारायचे, असे नव्हे. ती मोजून ठेवता येते. पुढच्या सरावात तुम्ही ज्याला सोपा म्हणता तसा एक फटका मांडा, बॉलच्या जागा टेबलावर खुणेने पक्क्या करा आणि तो वीस वेळा खेळून किती पडले ते वहीत लिहा. समजा वीसपैकी सोळा पडले, म्हणजे शंभरात ऐंशी. आता ‘एट बॉल’मध्ये आपले सात आणि काळा असे आठ बॉल सलग टाकायचे असतील आणि प्रत्येक वेळी शक्यता ऐंशी टक्केच असेल, तर आठही पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, म्हणजे साधारण सहा डावांतून एकदा. नव्वद टक्के बॉल टाकणारा खेळाडू झालात तरी ती ४३ टक्क्यांच्या आसपासच राहते. कोठेतरी एक बॉल चुकणे हा तुमच्या सध्याच्या खेळाचा नेहमीचा भाग आहे, हे एकदा आपल्याच वहीतून दिसले, की चुकलेला बॉल धक्का देत नाही. वाईट वाटते, आणि तेवढे वाटायलाही हवे, कारण ज्याला काहीच वाटत नाही तो सुधारण्याची तसदी घेत नाही.

आता खुर्चीतल्या वेळेबद्दल. बॉल चुकला की टेबलापासून दूर होताना मनातल्या मनात एकच वाक्य तयार करा, आणि त्यात तीन गोष्टी येऊ द्या : बॉल जाड लागला (मध्याकडे जास्त) की पातळ (कडेकडे जास्त), जोर हवा तेवढा होता का, आणि पांढरा बॉल शेवटी कोठे गेला. उदाहरणार्थ, ‘जाड लागला, जोर ठीक होता, पांढरा डावीकडे सरकला.’ या वाक्यात ‘मी’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘मी नेहमीच असे करतो’ हे वाक्य रागाला खाद्य पुरवते आणि त्यातून कळत काहीच नाही; पहिल्या वाक्यातून मात्र पुष्कळ कळते. कट करताना बॉल वारंवार जाड लागत असेल, म्हणजे हवा होता त्याहून कमी कापला जात असेल, तर नेम चुकला असेलच असे नाही. दोन बॉल एकमेकांना लागतात तेव्हा त्यांच्यातील घर्षण लक्ष्याच्या बॉलला किंचित पुढे ओढते आणि तो अपेक्षेपेक्षा जाड जातो. खेळाडू याला ‘थ्रो’ म्हणतात. हळू फटक्यात हा परिणाम अधिक असतो, बॉल मळलेले असतील किंवा स्पर्शाच्या जागी चॉकचा (क्यूच्या टोकाला लावायच्या खडूचा) डाग असेल तर तो आणखी वाढतो. अशा वेळी थोडे पातळ धरणे आणि बॉल पुसून घेणे एवढाच उपाय असतो. आणि जो दोष रुमालाने पुसता येतो, त्यापायी स्वतःवर चिडण्याचे कारणच उरत नाही.

तुमचा तो काळा बॉल मात्र सरळ होता, म्हणून तेथे माझा संशय दुसरीकडे जातो. पांढऱ्या बॉलवर नकळत साइड लागली, म्हणजे क्यूचे टोक मध्याच्या डावीउजवीकडे लागून त्याला फिरकी मिळाली, तर तो साइडच्या उलट दिशेला किंचित कलून निघतो आणि लांबच्या सरळ फटक्यात एवढे कलणे पुरेसे होते. याची परीक्षा सोपी आहे. सरळ रेषेत बॉल मांडा आणि पांढरा बॉल आदळल्यावर जागीच थांबेल असा फटका मारा. तो थांबून भोवऱ्यासारखा फिरत राहिला, तर तुमच्या क्यूचे टोक मध्यावर लागत नाही. माझा अंदाज असा आहे, की एकट्याने खेळताना ते मध्यावर लागते आणि काळा बॉल समोर असताना पकड आवळल्यामुळे ते सरकते. ही परीक्षा सामन्याच्या आधी दहा मिनिटे केली, तर त्या दिवशी हात कसा आहे हेही कळते.

वाक्य तयार झाले, की चुकलेल्या बॉलचा विषय तेथे संपवा आणि डोळे टेबलावर ठेवा. समोरचा खेळाडू कोणत्या क्रमाने बॉल टाकेल, त्याचा अडकलेला बॉल कोणता, त्याची पाळी संपली तर पांढरा बॉल साधारण कोठे राहील आणि तेथून तुमचा पहिला बॉल कोणता, हे पाहत राहा. बऱ्याच खेळाडूंना हे कोरडे वाटते, पण चिडलेल्या मनाला ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा त्याला काम देणे कितीतरी सोपे असते. सोबत खांदे खाली सोडून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. त्याने पकड सैल राहायला मदत होते, आणि येथे आपल्याला तेवढेच हवे आहे.

पाळी परत आल्यावर एकच नियम पाळा, आणि तो अगदी कसोशीने पाळा : कोणता बॉल, कोणत्या पॉकेटमध्ये, किती जोराने आणि पांढरा बॉल कोठे, हे सगळे उभे असताना ठरवायचे, चॉक लावता लावता ठरवायचे, आणि वाकल्यानंतर काहीही बदलायचे नाही. वाकल्यावर शंका आली तर सरळ उभे राहा आणि पुन्हा सुरुवात करा. त्यात कमीपणा नाही. चांगले खेळाडू हे सतत करतात. मी पाहिलेले सर्वांत जळजळीत राग हे अर्धवट ठरवून मारलेल्या फटक्यांचे होते, कारण असा बॉल चुकला की काय चुकले हे सांगताच येत नाही, आणि जे सांगता येत नाही तेच मन कुरतडत राहते.

येथे मला पूलसारख्याच स्नूकर या खेळातला एक प्रसंग आठवतो. १९८५च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस एके काळी ८–० अशा फ्रेमनी (फ्रेम म्हणजे एक डाव) पुढे होता. डेनिस टेलरने हळूहळू बरोबरी साधली आणि सगळा सामना शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर येऊन ठेपला. डेव्हिसला त्या बॉलचा एक बारीक कट मिळाला आणि तो चुकला. मग टेलरने तो बॉल टाकून सामना १८–१७ असा जिंकला, आणि डेव्हिसला लक्षावधी प्रेक्षकांसमोर ते बसून पाहावे लागले. पुढच्या वर्षीचा अंतिम सामनाही तो हरला. त्यानंतर १९८७, १९८८ आणि १९८९ अशी सलग तीन वर्षे त्याने तेच अजिंक्यपद जिंकले. त्याच्या मनात काय चालले होते याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण इतका मोठा चुकलेला बॉल आणि इतके मोठे यश एकाच खेळाडूच्या नावावर असू शकते, हे तुम्ही लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

राहिली गोष्ट क्यू आपटल्याची. मित्रांना एकदा स्पष्ट शब्दांत ‘माझे चुकले’ असे म्हणा. ते बहुधा केव्हाच विसरले असतील, पण तुम्ही विसरलेला नाहीत. आणि क्यूचे टोक व सांधा तपासून घ्या, कारण अशा आपटण्याने टोक सैल झाले असेल तर पुढचे काही बॉल त्यामुळेच चुकतील.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबर पूल शिकतो. बॉल चुकला की तो रडवेला होतो आणि ‘मला जमणारच नाही’ म्हणतो. मी लगेच ‘असू दे, चांगला प्रयत्न होता’ असे म्हणते, पण त्याने तो अधिकच चिडतो. मी काय बोलावे?

उत्तर : ताई, त्या क्षणी काहीच बोलू नका. प्रयत्न चांगला नव्हता हे त्याला ठाऊक असते, म्हणून तुमची माया त्याला खोटी वाटते. त्याची पाळी संपल्यावर तुमचा फटका नेहमीच्याच वेगाने खेळा. त्याला बरे वाटावे म्हणून मुद्दाम बॉल चुकवू नका, ते मुलांना लगेच कळते. गेम संपल्यावर फक्त एक प्रश्न विचारा : ‘तो बॉल जाड लागला की पातळ?’ सुरुवातीला त्याला सांगता येणार नाही. तेव्हा तोच फटका पुन्हा मांडा आणि या वेळी बॉल टाकण्याऐवजी मुद्दाम जाड मारायला सांगा, मग मुद्दाम पातळ. चुकवण्यासाठीच मारताना त्याच्यावर दडपण राहत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या चुका हाताने करून पाहिल्यावर मधला नेम त्याला आपोआप दिसू लागतो. त्याच्यासाठी बॉल पॉकेटपासून एका वितीवर ठेवून सुरुवात करा आणि दहापैकी आठ पडू लागले की थोडे मागे सरका. तो दमला आहे असे दिसले, तर पडलेल्या एखाद्या बॉलवर त्या दिवशीचा सराव थांबवा.