मेलो ज्यांच्या प्रकृतीतच आहे

तुम्ही लिहिलंय की वय चौतीस आहे, एकट्या राहता, कोरियन मालिका आवडतात. पण श्रीमंत बॉस, गरीब सेक्रेटरी आणि मनगट धरून ओढत नेणारा हिरो आता डोक्यात जातो. मोठ्या माणसांचं प्रेम आणि खरी वाटणारी मैत्री असलेली एकच मालिका हवी आहे.

एकच सांगायची तर 'बी मेलोड्रामॅटिक'. २०१९च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जेटीबीसी वाहिनीवर आली. तासाभराचे १६ भाग, की संपलं.

इंग्रजी नावावर जाऊ नका. मूळ नाव 'मेलोगा चेजिल'. 'मेलो' म्हणजे मेलोड्रामा. 'चेजिल' म्हणजे शरीराची प्रकृती, आपण पित्तप्रकृती-कफप्रकृती म्हणतो ना, तीच. कुणाला पित्ताचा त्रास, यांना मेलोचा. या नावातली गंमत इंग्रजीपेक्षा मराठीत लवकर कळते.

तिशीतल्या तिघी कॉलेजमैत्रिणी. जिनजू टीव्ही मालिका लिहू पाहणारी, सात वर्षांचं प्रकरण मोडून बसलेली. हानजू घटस्फोटित, पदरात एक मुलगा. तिची नोकरी म्हणजे मालिकांत जाहिरातीच्या वस्तू घुसवणं (आणि ही मालिकाही तोच प्रकार करते, वर स्वतःचीच टर उडवते). तिसरी उनजंग, माहितीपट करणारी. तिचा प्रियकर आजारपणात गेलाय. त्यानंतर तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, म्हणून बाकीच्या दोघी मुलासकट तिच्या घरी राहायला आल्या. उनजंगचा धाकटा भाऊही तिथेच. तो समलिंगी आहे, त्याचा जोडीदार येतो-जातो आणि घरात कुणी त्याचा विषय करत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाचं आधीच सांगून ठेवते, कारण काहींना ते बघणं जड जाऊ शकतं.

आता मी हीच का सांगतेय? बहुतेक मालिकांत मैत्रीण तोंडी लावण्यापुरती असते. नायिकेने फोन करायचा, मैत्रिणीने किंचाळायचं, 'तो तुझ्यावर प्रेम करतो गं!' म्हणायचं आणि फोन ठेवायचा. इथे मैत्री म्हणजेच घर. प्रेमप्रकरणं बाहेर घडतात आणि संध्याकाळी त्या घरात आणून ओतली जातात.

एकच उदाहरण देते. गेलेला प्रियकर उनजंगला दिसतो. ती त्याच्याशी बोलते, भांडते, हसते. घरातल्यांना हे माहीत आहे. एखाद्या मराठी मालिकेत काय झालं असतं याचा विचार करा: पार्श्वसंगीत, तीन वेळा चेहऱ्यावर झूम, मग कुणीतरी 'वैनी, तुम्ही कोणाशी बोलताय?' इथे तसं काही नाही. सगळे आपापलं काम करत राहतात. फक्त तिला एकटं सोडत नाहीत. पुढे चित्रीकरणाच्या फुटेजमध्ये तिला ती स्वतःच रिकाम्या जागेशी बोलताना दिसते, आणि मग ती मैत्रिणींना सांगते की मला झेपत नाहीये, मला मिठीत घ्या. रडारड फारशी नाही. मी मात्र टीव्ही बंद करून बराच वेळ तशीच बसले होते.

प्रेमकथा म्हणाल तर जिनजू आणि दिग्दर्शक सन बमसूची. दोघं मिळून मालिका करतात, म्हणजे संहितेवर वाद घालता घालता प्रेमात पडतात. सबटायटल्समधून निसटणारी गोष्ट इथेच आहे. कोरियनमध्ये आपल्या तू-तुम्हीसारखाच, खरं तर त्याहून कडक हिशोब असतो. वयाने-मानाने मोठ्यांशी, अनोळखी माणसांशी 'जोन्देन्माल', बरोबरीच्या जवळच्यांशी 'बान्माल'. तिघी एकमेकींशी बिनधास्त अगं-तुगं करतात. बमसू आणि जिनजू मात्र प्रेमात पडल्यावरही एकमेकांना 'जाकानिम' (लेखिकाबाई) आणि 'काम्दोङ्निम' (दिग्दर्शकसाहेब) म्हणतात. इंग्रजी सबटायटल्समध्ये सगळं सपाट 'यू' होतं. आपल्या आज्या-पणज्यांचं 'अहो' ऐकलेल्या माणसाला त्या 'निम'मधला लाड बरोबर कळतो. कान तिकडे ठेवा.

दिग्दर्शक ली ब्योंगहन यांनी त्याच वर्षी 'एक्स्ट्रीम जॉब' हा विनोदी चित्रपट दिला होता. पाच कोटींच्या देशात त्याची एक कोटी साठ लाखांहून जास्त तिकिटं खपली. आणि ही मालिका? टीआरपी एक-दीड टक्क्याच्या आसपास घुटमळत राहिला. कारण कळतं. माणसं भराभर, लांबलचक, फाटे फोडत बोलतात. एक डोळा भाजीवर ठेवून बघायची ही मालिका नाही. गंमत म्हणजे तिच्यातलं, शॅम्पूच्या वासावरचं जांग बमजूनचं गाणं मात्र तुफान चाललं. मालिका न बघितलेल्यांनीही ते गुणगुणलं असेल. तिला चाहते मिळाले ते नंतर, हळूहळू.

उणीव सांगायची तर हानजूच्या वाट्याला कथानक कमी आलंय. ऑफिसातल्या कनिष्ठ सहकाऱ्याबरोबरचा तिचा धागा मला शेवटपर्यंत अर्धवट वाटला.

बाकी नावं थोडक्यात. 'हॉस्पिटल प्लेलिस्ट' (२०२० आणि २०२१, दोन हंगाम) तुम्हाला कुणीही सांगेल: १९९९च्या मेडिकल बॅचचे पाच डॉक्टर, चाळिशी, एक बँड. सुंदर आहे, पण त्यात सगळेच इतके गुणी की मला मधूनच गुदमरायला होतं. 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' (२०१७) घरभाड्याच्या अडचणीतून झालेल्या लग्नाची. मुंबई-पुण्यात डिपॉझिट जमवलेल्यांना लगेच पटेल. 'थर्टी-नाइन' (२०२२) मधल्या तिघींपैकी एकीला कर्करोग आहे हे सुरुवातीलाच कळतं. रविवारी संध्याकाळी लावू नका.

सुरुवात मात्र 'मेलो'नेच करा. पहिले दोन भाग सलग बघा, पहिल्यात बडबडच फार वाटेल. चौथ्यापर्यंत सूर जुळला नाही तर खुशाल सोडा. आणि उपाशीपोटी लावू नका. त्या तिघी सारख्या काहीतरी खात असतात, रात्री साडेअकराला रामेन उकळायची पाळी येते.