पूर्ण कवळी थ्रीडी प्रिंट करायची आहे. प्रिंटर कुठला घ्यावा आणि रेझिन कुठलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोटी लॅब, महिन्याला वीसेक पूर्ण कवळ्या, फ्लास्क-प्लास्टरमधून (साच्यात ॲक्रिलिक दाबून कवळी करायच्या जुन्या पद्धतीतून) बाहेर पडायचंय. चाळीस हजारांचा साधा एलसीडी प्रिंटर चालेल, की लाखांतला डेंटल प्रिंटरच हवा? आणि रेझिन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारं द्रव प्लास्टिक, कुठलं? माझी नाशिकला लॅब आहे, प्रिंट केलेल्या कवळ्या रोज हातांखालून जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रिंटरचा विचार आधी करू नका. आधी रेझिन ठरवा. कवळीच्या बेसला (दात बसतात त्या गुलाबी भागाला) लागणारं प्रत्येक चांगलं रेझिन कंपनीने ठरावीक प्रिंटर, धुण्याची ठरावीक पद्धत आणि ठरावीक क्युअरिंग बॉक्स (प्रिंट प्रकाशाने पूर्ण पक्की करणारी पेटी) धरून तपासलेलं असतं. ती यादी मागवून घ्या आणि त्या यादीतलाच प्रिंटर घ्या. काही रेझिन ३८५ नॅनोमीटरच्या प्रकाशावर बसवलेली असतात, काही ४०५ वर. असिगा कंपनीचा मॅक्स यूव्ही हा प्रिंटर ३८५ चा आहे, फॉर्मलॅब्सचा फॉर्म ४बी ४०५ चा. उलटसुलट जोडी लावली तरी वस्तू प्लेटवर तयार होते, दिसतेही छान, पण आतून किती पक्की झाली ते डोळ्यांना कळत नाही. तोंडात दिवसभर ओल्या लाळेत राहणारी वस्तू अर्धी कच्ची असणं मला मान्य नाही. कच्चं रेझिन हिरड्यांना झोंबतं, ॲलर्जीही होते.

रेझिनच्या कागदावर काय बघायचं? आयएसओ २०७९५-१ हे कवळीच्या बेसचं मानक आहे. त्यात वाकवताना सोसायची ताकद किमान ६५ मेगापास्कल लागते आणि ताठरपणा किमान २००० मेगापास्कल. विक्रेते हे आकडे मोठ्या टायपात छापतात. तुम्ही त्यापुढे जाऊन फ्रॅक्चर टफनेस (तडा पुढे पसरू न देण्याची ताकद) विचारा. आपली कवळी बऱ्याचदा चावताना मोडत नाही, सकाळी बेसिनवर धुताना हातातून निसटून फुटते. ताठर पण ठिसूळ रेझिन तिथेच दगा देतं. विक्रेत्याला हा आकडा सांगता आला नाही, तर ती बाटली मी घेत नाही. आयात, विक्रीसाठी मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ खालची नोंदणी आहे का, तेही कागदावर बघून घ्या.

आता आमच्याच लॅबमधली एक चूक सांगतो, कारण तुमच्याकडे ती पहिल्याच महिन्यात होऊ शकते. एका आजींची वरची कवळी दिली. पंधरा दिवसांत समोरचा एक दात भाकरीचा तुकडा तोडताना निघून आला. कवळी परत आली तेव्हा दाताचा खळगा भिंगाखाली धरला. आत गुळगुळीत, चकचकीत, जणू तिथे कधी काही चिकटलंच नव्हतं. बेस आणि दात वेगवेगळे प्रिंट करून त्याच रेझिनने जोडतात, हे तुम्हाला माहीत असेलच. बेस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतल्यावर खळग्यांच्या तळाशी थेंब राहिले होते, ते न सुकवताच आम्ही दात बसवले. तेव्हापासून प्रत्येक खळगा हवेच्या फवाऱ्याने सुकवतो, अर्धा तास तसाच ठेवतो, मगच जोडतो. धुण्याची वेळही घड्याळ लावून पाळतो. अल्कोहोलमध्ये जास्त वेळ पडून राहिलेला बेस कमजोर होतो. आजींना दुसरी कवळी त्याच फाइलवरून काढून दिली, नवीन माप घ्यायला गावाहून बोलवावं लागलं नाही. डिजिटलचा मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा हाच.

चाळीस हजारांच्या एलसीडी प्रिंटरबद्दल माझं मत: ट्राय-इनसाठी (शेवटच्या कवळीआधी तोंडात बसवून बघायच्या नमुन्यासाठी) आणि मॉडेलसाठी जरूर घ्या. मे महिन्यात मेणाचं ट्राय-इन कुरिअरने पाठवलं की दात सरकलेलेच पोहोचायचे. प्रिंट केलेलं ट्राय-इन जसंच्या तसं जातं, डॉक्टर त्यावरच बाईट (वरचे-खालचे दात कसे मिळतात ते) तपासून घेतात. शेवटची कवळी मात्र त्यावर काढू नका. स्वस्त मशीनमध्ये पडद्याच्या कडेला आणि मध्यभागी प्रकाश सारखा पडत नाही, आणि एलसीडी पडदा झिजत जातो तसा फरक वाढत जातो.

मिलिंगलाही (तयार डिस्कमधून कवळी कोरून काढण्यालाही) विसरू नका. पीएमएमएची (ॲक्रिलिकची) ९८ मिलिमीटरची डिस्क कारखान्यातच दाबाखाली पक्की झालेली असते. आकसायचं ते आधीच आकसून झालेलं, त्यामुळे टाळूला बसणारी बाजू सुरेख बसते. तुटली तर नेहमीच्या सेल्फ-क्युअर ॲक्रिलिकने सांधताही येते. प्रिंटेड बेसवर तेच ॲक्रिलिक तितकं धरत नाही, बरने (घासायच्या छोट्या फिरत्या टोकाने) खरखरीत करून कंपनीचं बाँडिंग लावावं लागतं. मशीन मात्र महाग आणि डिस्कचा बराचसा भाग भुसा होऊन जातो. म्हणून मी मिलिंग बाहेरून करून घेतो. मोडतोड जास्त करणाऱ्या पेशंटला आणि दातांची जागा अगदी कमी असेल तिथे तेच सुचवतो.

हिवाळ्यात आमच्याकडे पहाटे रेझिन मधासारखं घट्ट होतं आणि प्रिंट अर्ध्यातच सुटतं. २५ ते ३० अंशांत ठेवा. बाटली दर वेळी नीट हलवा. रंग तळाशी बसतो आणि गुलाबी हिरडी डागाळल्यासारखी येते. सपोर्ट (प्रिंट होताना आधार देणाऱ्या काड्या) टाळूला बसणाऱ्या बाजूवर कधीच देऊ नका, घासून काढताना फिटिंग जातं. आणि पॉलिशिंगमध्ये आळस नको. हळद, चहा, तंबाखूचे डाग प्रिंटेड दातांवर लवकर बसतात, खरखरीत जागा राहिली तर आणखीच.

तुमच्या वीस कवळ्यांसाठी मी असं करेन: पहिले तीन-चार महिने साध्या प्रिंटरवर फक्त ट्राय-इन काढेन, शेवटची कवळी फ्लास्कमध्येच करेन किंवा मिलिंगला पाठवेन. तोपर्यंत डिझाइनवर हात बसेल, आणि तुमच्या डॉक्टरांची मापं स्कॅनमध्ये कशी दिसतात तेही कळेल. माप कच्चं असेल तर कुठलाही प्रिंटर ते सुधारत नाही. मग रेझिन ठरवून, त्याच्या यादीतला प्रिंटर, वॉशर आणि क्युअरिंग बॉक्स एकत्रच घ्या. क्युअरिंग बॉक्सवर पैसे वाचवू नका.