भरीव दंडगोल आधी का पोहोचतो?

प्रश्न: सारख्या वजनाचे आणि व्यासाचे दोन दंडगोल, एक भरीव लाकडी व दुसरा पातळ लोखंडी नळीचा, आम्ही तिरप्या फळीवरून एकदम सोडले. भरीव दंडगोल आधी पोहोचला. गुरुत्वाकर्षण दोघांवर सारखेच असताना असे का व्हावे?
(अकरावीची विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर: वजनाचे बल अक्षातूनच जात असल्यामुळे त्या अक्षाभोवती त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा परिणाम, शून्य असतो, दंडगोलाला फिरवते ते फळीशी होणारे घर्षण, आणि ते चढाच्या दिशेने असल्याने खाली येण्याच्या गतीला आवरही घालते. नळीचे जवळजवळ सारे वस्तुमान कडेला असते, म्हणून तिचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याच्या गतीतील बदलाला होणारा विरोध, भरीव दंडगोलाच्या सुमारे दुप्पट भरते, साहजिकच तिला फिरवण्यासाठी घर्षण अधिक लागते. न घसरता घरंगळताना भरीव दंडगोलाचे त्वरण घर्षणरहित उतारावरील त्वरणाच्या २/३, तर नळीचे १/२ असते. म्हणजे भरीव दंडगोल ४ मीटर जातो तेवढ्यात नळी जेमतेम ३ मीटर कापते. वजने जुळवण्याचा खटाटोप मात्र अनावश्यक होता, कारण वस्तुमान आणि त्रिज्या या दोन्ही राशी समीकरणातून निघून जातात. फळी फार उभी धरल्यास दंडगोल घसरू लागतील आणि हे गुणोत्तर लागू पडणार नाही.