वाचकांचे प्रश्न : ‘होता’ आणि ‘झाला’

नाताळ जवळ आला की ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीची पत्रे वाढतात. यंदा खान्देशातून आलेल्या पत्रांमधले चार प्रश्न घेतले आहेत.

भुसावळ : दारावर येणारे काही लोक सांगतात की मूळ ग्रीकमध्ये ‘शब्द एक देव होता’ असे आहे आणि आपल्या बायबलने ‘एक’ गाळला. आम्हाला ग्रीक येत नाही. उत्तर कसे द्यावे?

निम्मे उत्तर मराठी बायबलातच आहे. लाल-निळी पेन्सिल घ्या आणि योहानाचा पहिला अध्याय उघडा. तिथे ‘शब्द’ म्हणजे ख्रिस्त. वचने १, ३, ६, १० आणि १४ वाचा. ‘होता’खाली निळी रेघ ओढा, ‘झाला, झाले’खाली लाल. प्रारंभी शब्द ‘होता’: निळी. सर्व काही त्याच्या द्वारे ‘झाले’: लाल. योहान नावाचा मनुष्य प्रकट ‘झाला’: लाल. दहाव्या वचनात दोन्ही रेघा शेजारी येतात, कारण तो जगात ‘होता’ आणि जग त्याच्या द्वारे ‘झाले’. शब्दाच्या वाट्याला लाल रेघ येते ती थेट चौदाव्या वचनात: शब्द देही ‘झाला’.

ग्रीकमध्येही हीच दोन वेगळी क्रियापदे आहेत, ‘एन’ आणि ‘एगेनेतो’. ज्याला सुरुवात आहे ते ‘झाले’. शब्दाला देह ‘झाला’, पण शब्द स्वतः कधी ‘झाला’ नाही, तो ‘होता’. योहान ८:५८ मध्येही हाच भेद आहे. येशू म्हणतो, अब्राहामाचा जन्म ‘झाला’ त्यापूर्वी मी ‘आहे’. अहिराणी बोलणाऱ्या घरात हे वाचाल तेव्हा ‘मी व्हतू’ म्हणू नका, ‘मी शे’ म्हणा. तेव्हा ऐकणाऱ्यांनी येशूला मारायला दगड का उचलले ते लगेच कळते.

आता ‘एक’चे. ग्रीक भाषेत ‘एक’ या अर्थाचे उपपदच (इंग्रजीतल्या ‘a’सारखा शब्द) नाही. निश्चिती दाखवणारे ‘हो’ हे उपपद आहे आणि ते या वाक्यात ‘देव’ शब्दाला लागलेले नाही, एवढाच त्या मंडळींचा आधार. पण त्याच अध्यायात वचन ६, १२, १३ आणि १८ मध्येही ‘देव’ शब्द उपपदाविनाच आला आहे. तिथे ‘एका देवाने पाठवलेला’ असे कुणी भाषांतर करत नाही. पाहुण्यांना एवढेच विचारा की सहाव्या वचनात ‘एक’ का घातला नाही.

आपल्याकडूनही इथे एक चूक होते. उत्साहाच्या भरात काही जण म्हणतात, शब्द म्हणजेच पिता. तसे म्हणायचे असते तर योहानाने उपपद लावले असते. आधीच्याच वाक्यात, ‘शब्द देवासह होता’ म्हणताना, ते त्याने लावले आहे. पुढे ते गाळून तो शब्द काय आहे ते सांगतो. कोण कोणासह आहे ते त्याने आधीच सांगून ठेवले आहे. पिता आणि पुत्र दोन व्यक्ती, देवत्व एकच. हा धागा सुटला तर समोरचा पुढच्याच मिनिटाला ‘मग येशू प्रार्थना कुणाला करत होता?’ असे विचारतो आणि आपल्यापाशी उत्तर नसते.

शहादा : कलस्सै १:१५ मध्ये ख्रिस्ताला ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’ म्हटले आहे. म्हणजे तो पहिला निर्माण झाला ना? आणि ३२५ साली मतदान करून त्याला देव ठरवले असा निरोप मोबाईलवर फिरतो, तो खरा का?

‘उत्पत्तीत’ यातला ‘त’ फसवतो. ‘भावंडांत ज्येष्ठ’ म्हटले की ज्येष्ठही भावंडच असतो. ग्रीकमध्ये तिथे षष्ठी आहे, ‘उत्पत्तीचा’ अशी, आणि पुढचेच वचन सांगते की सर्व काही त्याच्यामध्ये निर्माण झाले. सर्व काही निर्माण करणारा त्या ‘सर्व’मध्ये बसत नाही. शिवाय बायबलात ज्येष्ठपण हा नेहमी जन्माचा क्रम नसतो, तो थोरल्याचा हक्क असतो. स्तोत्र ८९:२७ मध्ये देव दाविदाविषयी म्हणतो, मी त्याला ज्येष्ठ करीन. दावीद इशायाच्या आठ मुलांत सर्वांत धाकटा होता. यिर्मया ३१:९ मध्ये एफ्राईम ज्येष्ठ आहे, जन्माने थोरला मात्र मनश्शे.

निरोप खोटा आहे. निकेया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझनिक, इथल्या ३२५ सालच्या बिशपांच्या परिषदेपुढे ‘येशू देव आहे का’ हा प्रश्नच नव्हता. अलेक्झांड्रियाच्या मंडळीतला वडील (पाळक) अरियस हाही पुत्राला देव म्हणत असे. त्याचे म्हणणे असे की पुत्र सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेला. ‘तो नव्हता असा एक समय होता.’ परिषदेने त्याला उत्तर दिले, ‘जन्मलेला, घडवलेला नव्हे’, आणि पुत्र पित्याशी ‘होमोऊसियोस’, एकाच तत्त्वाचा, असे लिहिले. अखेरीस सही नाकारणारे बिशप दोनच होते, थेओनास आणि सेकुंदुस.

ख्रिस्ताची उपासना तर त्याच्या दोनशे वर्षे आधीपासून चालू होती. इ. स. ११२ च्या सुमारास रोमी अधिकारी प्लिनी याने सम्राट त्रायानला कळवले की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, म्हणून त्याची साक्ष जास्त वजनाची.

अमळनेर : आमचे महानुभाव शेजारी विचारतात, तुमच्या येशूचा अवतार कोणत्या प्रकारचा? गर्भीचा, पतित की दवडण्याचा?

प्रश्न फार नेमका आहे. तो आदराने घ्या. ईश्वर देह कसा घेतो याचा महानुभाव पंथाने बारकाईने विचार केला आहे. गर्भात येणे, मृत देहात प्रवेश करणे आणि देहातल्या जीवाला दवडून तो देह घेणे, असे ते तीन प्रकार. द्वारावतीच्या चक्रपाणींनी हरिपाळदेवांच्या मृत देहात प्रवेश केला आणि तेच चक्रधर, अशी त्यांची श्रद्धा आहे.

शेजाऱ्यांना सांगा, सर्वांत जवळचा पहिला, तरी तोही पूर्ण जुळत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत येशू नावाचा माणूस आधी असून त्यात देव शिरला, असे नाही. तसे मानले की देव एक आणि माणूस दुसरा असे दोघे होतात. ४३१ साली इफिसच्या परिषदेत कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्तोरियस याच्यावर हाच आक्षेप होता. तिसऱ्या प्रकाराच्या जवळ चौथ्या शतकातला बिशप अपोल्लिनारिस गेला होता. देह माणसाचा, पण बुद्धीच्या जागी शब्द, असे तो म्हणे. नाझियांझसच्या ग्रेगरीने त्याला उत्तर दिले की जे घेतले नाही ते बरे झाले नाही. आमची बुद्धीही पापाने आजारी आहे. ती ख्रिस्ताने घेतलीच नसेल तर ती बरी कशी होणार? लूक २:५२ मध्ये येशू ज्ञानाने वाढतो, अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचा जीव व्याकूळ होतो. हे सारे त्याचे स्वतःचे आहे.

दुसरा फरक कायमपणाचा. पुनरुत्थानानंतर त्याने हातपाय दाखवले, भाजलेला मासा खाल्ला, आणि त्याच देहानिशी वर गेला. देह घेतला तो सोडला नाही. म्हणूनच ‘देहधारण’ हा रुळलेला शब्द आम्हाला थोडा कमी पडतो असे वाटते. वेष धारण करतात आणि उतरवूनही ठेवतात. ‘देही झाला’ यात उतरवणे नाही. शिकवताना जमेल तिथे हेच शब्द वापरा.

नवापूर : नाताळच्या नाटिकेत ‘अर्धा देव, अर्धा माणूस’ असे वाक्य आहे. चालेल का?

नाही, ते काढा. कळण्याच्या भाकरीसाठी चार वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद एकत्र दळले की पिठात ना ज्वारी वेगळी राहते ना उडीद. ख्रिस्ताचे तसे नाही. एका गाडीत ठेवलेल्या दोन पोत्यांसारखेही नाही. ४५१ साली खल्केदोनच्या परिषदेने चार नकारांनी ही वाट आखली : मिसळण नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. मुलांच्या तोंडी एवढेच द्या, ‘हे बाळ पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूस आहे.’ आणि गव्हाणीतले बाळ नाटिकेत गप्प हसत ठेवू नका. पडद्यामागून रडण्याचा आवाज येऊ द्या.