मॅकवर स्पेसबार दाबल्यावर कोडच्या फाइलींचा मजकूर का दिसत नाही?
रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइलीवर स्पेसबार दाबला असता मजकुराऐवजी नुसते चिन्ह आणि फाइलीचा आकार दिसतो, कारण फाइल न उघडता तिची झलक दाखवणारी मॅकची सोय, म्हणजे क्विक लुक, मॅकओएसने ठरवलेला फाइलप्रकार पाहते आणि कोणत्याही ॲपने तो प्रकार नोंदवलेला नसेल, तर आतला साधा मजकूरही तिला ओळखता येत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी ‘सिंटॅक्स हायलाइट’ हे मोफत ॲप ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ठेवून एकदा उघडावे आणि सिस्टिम सेटिंग्जमध्ये त्याचे क्विक लुक एक्स्टेन्शन चालू आहे ना, हे तपासावे. बहुतेक भाषांचे काम एवढ्यावर भागते. टाइपस्क्रिप्ट या भाषेचे दुखणे मात्र वेगळे आहे: नावाच्या शेवटी ‘.टीएस’ असलेली फाइल मॅकओएस एमपेग-२ व्हिडिओ समजते, त्यामुळे ॲप बसवूनही तिचा कोड दिसत नाही. अशी फाइल सरळ कोड एडिटरमध्येच उघडावी, असे मी सुचवेन.